जुने कपडे

आमच्याकडे या पदार्थाचं नावच मुळी रोपा वेल्या,
म्हणजे जुने कपडे.
चोवीसच्या रात्री उकडलेला खारवलेला कॉड,
बटाटे, कोबी, अर्धं अंडं,
जे काही उरेल ते पंचवीसच्या दुपारी
लसणीवर परतायचं,
ऑलिव्हचं तेल सढळ हातानं,
आणि मेजावर आदळून म्हणायचं, चला, बसा.

नाव कुणी ठेवलं देव जाणे.
त्या बाईला मुलं नसणार.

बेनेदिता पाचाची. काट्यानं उचकून तिनं आत पाहिलं.
"कुणाचे कपडे?"
मी म्हटलं, बघ,
हा कोबी म्हणजे मासेवाल्या इर्मेलिंदाचा झगा,
हा बटाटा म्हणजे पोस्टमनची विजार, ढोपरावर फाटलेली,
आणि लसणीची ही चकती
पाद्रीबाबांच्या डगल्याचं बटण.
तिनं बटण खाल्लं.
मग झगा.
मग विजार गालात कोंबून विचारलं, "अजून कुणाकुणाचे?"
त्या दुपारी मी आमच्या गल्लीतली
निम्मी माणसं उघडी केली.

दुआर्त हात मांडीखाली दाबून बसलेला.
तो नऊ वर्षांचा. त्याला गोष्टी लागत नाहीत.
म्हणून त्याला मी हिशेब सांगितला:
कॉड काय भावानं आणला,
कारखान्यात मी तासाला सार्डिनचे किती डबे भरते,
पगार किती तारखेला होतो
आणि किती तारखेला संपतो.
बंदरापलीकडच्या उपाशी पोरांना मध्ये आणणार होते,
पण ती आधीच दमलेली असतात,
घरोघरी त्यांनाच बोलावतात.

तो ताटाकडे बघत म्हणाला,
"स्वेटर आमिल्कारचा.
बूट आमिल्कारचे, पुढे कागद कोंबलेले.
दप्तरावर त्याचंच नाव. तू शाईनं खोडलंस,
पण उजेडात धरलं की दिसतं.
आता ताटातपण?"

मी काही बोलले नाही.
स्वेटरला मी इस्त्री केली होती,
कोपराला नवी लोकर लावली होती, जवळजवळ त्याच रंगाची.
हे सांगण्यासारखं होतं का?
ओट्याशी उभी राहून
कढईच्या तळाला चिकटलेलं
पावाच्या तुकड्यानं खरवडून खात राहिले.
बेनेदितानं बाजूला सारलेली माशाची साल,
दुआर्तनं काल अर्धवट टाकलेलं अंडं.

"बस," तो म्हणाला.
मला वाटलं पुरे म्हणतोय.
"खाली बस. तू कधी बसतच नाहीस.
आम्ही टाकतो ते तू उभ्यानं खातेस, कढईतून,
भिंतीकडे तोंड करून.
ताट घे. मग मी खाईन."

काल रात्री रिवाजाप्रमाणे
एक ताट जास्तीचं मांडलं होतं,
जे गेले त्यांच्यासाठी. म्हणजे माझ्या आईसाठी.
अजून तसंच होतं, कोरडं, शेजारी घडी घातलेला रुमाल.
दुसरं स्वच्छ ताट नव्हतं घरात.
मी तेच ओढलं.
खुर्ची किंचित डुगडुगते, हे मला माहीतच नव्हतं.

तो खाऊ लागला. सावकाश,
काटे काढून ताटाच्या कडेला रचत,
एकेक, लांबीप्रमाणे.
पाचव्या घासाला म्हणाला, "खारट झालंय."
झालं होतं. कॉड एक दिवस कमी भिजला होता,
शेवटच्या पाळीनंतर पाणी बदलायचं राहून गेलं.
"आवडलं नाही," तो म्हणाला, आणि पाव मागितला.

बेनेदिता विचारत होती,
"आणि दुआर्तच्या ताटातले कुणाचे?"
"माझे," तो म्हणाला.
"मला लहान झालेले."

तरी वाडगाभर उरलंच.
उद्या त्यात दोन अंडी फोडीन,
वरून मिरपूड,
आणि नाव काहीतरी वेगळं ठेवीन.