अंतर भागिले वेळ

दुर्भाटच्या पंचायत सभागृहात,
जिथे गेल्या आठवड्यात कुणाचं तरी बारसं झालं
आणि पंख्याला अजून एक सुकलेला फुगा लटकतोय,
मला टेबलावर उताणं निजवलं.
"बोलू नका, सर. दहा मिनिटं नुसते पडून राहा."
छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्याला
हे जमायला पंधरा लागली.

जॅसिंतानं शिंप्याची पिवळी टेप काढली.
गळ्यापासून जांघेपर्यंत एकसष्ट सेंटिमीटर,
त्याचे ऐंशी टक्के धरायचे.
अठ्ठेचाळीस पॉइंट आठ, मी मनात.
पेनासारखं काहीतरी गळ्यावर टेकवलं,
मग जांघेत. मी फुग्याकडे पाहिलं.
दहावी ब, तिसरा बाक, भूमितीत कच्ची.

ठोका इथं केव्हा आला, तिथं केव्हा पोचला:
फरक चव्वेचाळीस मिलिसेकंदांचा.
एवढ्या वेळात मी पोरांना 'चूक' म्हणत असे.

"सेकंदाला अकरा मीटर," ती म्हणाली.
फळ्यावर मी जन्मभर रासईहून फेरी सोडली,
लवकर पोचली की शाबास.
म्हटलं, बरा आहे की वेग!
"इथं सावकाश येणारा पहिला, सर.
धमनी मऊ असली की ठोका रमतगमत जातो.
ताठ झाली की धावतो.
दहाच्या वर आम्ही लक्ष ठेवतो."
प्रेशर मात्र सभ्य होतं. त्यानं कधी चहाडी केली नाही.

बाकावर सोयरू होता, मानशीवरचा,
भरती-ओहोटीला दारं सांभाळणारा.
न विचारताच म्हणाला,
"बांध मातीचा होता तेव्हा लाट यायची,
थोडी चिखलात शिरायची, थोडी थकायची.
सिमेंट घातलं तशी आपटते आणि उलटी फिरते.
औंदा मानशीची फळी दोनदा बदलली."

जॅसिंताचं पेन थांबलं.
"परतलेली लाट," ती म्हणाली, "हृदयावर वेळेआधी येते.
हे आम्हाला शिकवायला दोन तास लागले होते."
सोयरूचा आकडा तेरा.
तो हसला. मग खिशात विडी चाचपली,
आणि हात तसाच बाहेर काढला.

मीठ कमी, चालणं जास्त, सहा महिन्यांनी पुन्हा.
चालायला रस्ता एकच, आगराच्या कडेनं,
दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी.

घरी बायकोनं विचारलं, काय निघालं?
मी म्हटलं, गणित बरोबर आलं.
तिनं सुका बांगडा ताटात वाढला,
माझ्याकडे पाहिलं, आणि परत उचलला.

रात्री गळ्यावर बोट ठेवून पडलो.
एक ठोका सापडतो. दुसरा, खालचा, सापडत नाही.
मधला वेळ माझ्या बोटांना मोजता येत नाही.
बाराच्या सुमारास भरती चढली,
लांब मानशीची फळी वाजली,
पुन्हा वाजली.
सोयरूही जागा असणार.