भिंतीपलीकडचा प्रेस

पट्टी हिरवी आहे, पण सरकत नाही.
आधी म्हणाली एकतीस तास,
मग चार मिनिटं,
मग दोन दिवस.
पगार साहेब दारातून तीनदा डोकावून गेले.
आडनाव पगार, पण पगाराचं कुणी काढलं
की ते खिडकीतून त्र्यंबक रोड बघत बसतात.

डिस्क नवी. वरचं प्लास्टिकही अजून सोललेलं नाही.
हिच्यात जायचंय सगळं:
चौदा वर्षांच्या डाय, पंच, स्ट्रिपर प्लेटा,
बिजागरीचं ते एक ड्रॉइंग
जे नऊ वेळा बदललं
आणि दहाव्यांदा पहिल्यासारखंच झालं.
सोमवारी कंपनी चाकणला.
डिस्क चाकणला.
माझं अजून कुणी काही बोललेलं नाही.

इरफानला फोन लावला. एम. जी. रोडला दुकान त्याचं,
मागे सतत कुठला तरी प्रिंटर खाकरत असतो.
“ताई, पोर्ट आतून काळं की निळं?”
टेबलाखाली शिरले, मोबाईलचा टॉर्च लावून.
काळं.
निळं मागच्या अंगाला सापडलं, कोळिष्टकात,
एका वाळलेल्या पालीशेजारी.
लावलं. काही फरक नाही.
“केबल?”
केबल कुणाच्या तरी जुन्या मोबाईलची निघाली,
डिस्कच्या रुंद खाचेत अर्धीच बसलेली.
तीन सेकंद मला हसू आलं.
खोक्यातली जाड केबल लावली.
तीनाचे अकरा झाले.

सुखदेव आहेर म्हणायचे, डाय अडली
की एका वेळी एकच शिम काढायची.
दोन काढल्यास
तर चूक कुठं होती, जन्मात कळणार नाही.
म्हणून एकेक.
अँटिव्हायरस थांबवला. चौदा.
फायली बारीक बारीक, एक लाख ऐंशी हजार,
प्रत्येकीला दारात नाव-गाव विचारून आत घेणार
तर उशीर होणारच.
सगळ्यांचं एकच गाठोडं बांधलं, झिप.
ते तरी सुसाट जायला हवं.
चाळीस. दोन. चाळीस. दोन.
“ताई, आता मात्र डिस्कच खराब,” इरफान म्हणाला.

एक वाजता भोंगा झाला, प्रेस थांबला,
आणि आकडा एकशे अठरावर गेला.
मी डबा उघडला नाही. आकड्याकडेच बघत राहिले.
दीड वाजता पुन्हा
धप्प.
दोन.

भिंतीपलीकडे शंभर टनी प्रेस,
मिनिटाला बावीस ठोके.
माझ्या टेबलावरचा चहा चौदा वर्षं थरथरतोय,
पेन्सिल आपोआप कडेला येते,
मी न बघता मागे ढकलते.
डिस्कच्या आत एक सुई म्हणे
केसापेक्षा बारीक अंतरावर तरंगत असते.
तिला नाही जमलं.
तिची आज पहिलीच पाळी.

पिंपळगावहून आलेल्या द्राक्षांच्या पेटीतला
पांढरा मऊ फोम अजून कपाटावर होता.
चार घड्या घातल्या,
वर डिस्क ठेवली,
एखाद्या तापातल्या मुलाला ठेवावं तशी. नाही,
डिस्कला ठेवावं तशीच.
नव्वद. अठ्ठ्याऐंशी. नव्वद.
इरफानला सांगितलं. त्याला पटलं नाही.
“द्राक्षांचा फोम?”
मग म्हणाला, “उरला असेल तर थोडा ठेवा माझ्यासाठी.”

साडेपाचला पट्टी भरली.
पगार साहेब हात पुढे करून उभे,
नखं स्वच्छ, अंगठी सैल झालेली.
मी काढायला गेले, तर पडद्यावर आलं:
डिस्क वापरात आहे. आत्ता काढता येणार नाही.
कोण वापरतंय, ते सांगत नाही.
मी सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या.
“काय झालं?” साहेब म्हणाले.
भिंतीपलीकडे धप्प.
“थांबा जरा,” मी म्हटलं.
“अजून कुणीतरी आत आहे.”