दहाची गोटी

गळ्यातल्या बिल्ल्यावर 'मिस्टर व्ही. चौगुले' छापलंय.
दुरुस्त करून घेणार होते, पण रांग लांब होती
आणि आत, बर्मिंगहॅमच्या त्या हँगरएवढ्या हॉलमध्ये,
पाने वाट बघत होते.

गालिचावर मांडलेली अवजारं मी पहिल्यांदाच बघतेय.
काळ्या फोममध्ये ज्याच्या त्याच्या मापाचा खळगा,
आठ, नऊ, दहा, अकरा,
कुणाला ओरखडा नाही, कुणाचं तोंड पसरलेलं नाही.
ग्रीसचा वास कुठेच नाही.
कॉफीचा आहे.

डेक्लन पुढे पळतो. एकोणीस वर्षांचा,
खांद्याला फुकटच्या तीन पिशव्या.
"बॉस, हे फिरवून बघ."
रॅचेट. एकशे वीस दात.
भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना होतो तेवढाच आवाज.
तीन अंश हलायला जागा मिळाली की पुरे, विकणारा सांगतो.
मी त्याला सांगत नाही
की वॉल्सॉलच्या थंडीत, सकाळी सातला,
माझं मनगटही हल्ली तेवढंच हलतं.

पुढे नारिंगी पकडी, हजार व्होल्ट झेलणाऱ्या.
त्यापुढे टॉर्क पाना, मुठीत पडदा असलेला:
आकडा गाठला की हातात थरथरतो, बास म्हणतो.
आमच्या उद्यमनगरात बास म्हणायचं काम
बाबालाल मिस्त्रींच्या कानाकडे होतं.
"जोर मागनं लाव. आधी आटं काय म्हणत्यात त्ये ऐक."
मी बारा वर्षांची, आणि आटे काहीच म्हणायचे नाहीत.
मग एकदा म्हणाले,
मी थांबले,
बोल्ट तुटला नाही.

एका स्टॉलवर नुसत्या गोट्या.
सॉकेट म्हणतात इथे. एका डबीत दहा,
आणि दहाही दहाच्याच.
माणसं बघतात आणि फिसकन हसतात,
पोलिश हसतो, स्कॉटिश हसतो,
स्मेदिकचा एक सरदारजी पोट धरून हसतो:
सगळ्यांची तीच हरवलीय.
मी एक डबी घेते.

आणि मग कोपऱ्यात, स्वतंत्र दिव्याखाली, तो.
तेराचा पाना, मानेशी मुरडलेला.
'नवीन. पेटंट प्रलंबित. चौतीस पौंड.'
ब्रॉनविन नावाची मुलगी वेल्श हेल काढत समजावते,
स्टार्टरच्या मागचा वरचा बोल्ट, जिथे हात जात नाही.

मला माहीत आहे तो बोल्ट.
गुऱ्हाळवाल्याची जीप होती, दिवेलागणीला हवी होती.
मिस्त्रींनी चांगला सरळ पाना भट्टीत घातला,
लाल झाल्यावर दोनच घाव,
मग जळक्या ऑइलच्या डब्यात चर्र.
"हात पुरंना झाला तर पाना पुरवायचा. गाडी कापायची नसती."
तो माझ्या तिसऱ्या खणात आहे, फडक्यात गुंडाळून.

"असं काही आधी पाहिलंय?" ब्रॉनविन विचारते.
मी पाना तोलते. डोळे मिटून
मनातल्या मनात स्टार्टरच्या मागे घालते.
खोटं कशाला बोलू, हा जास्त चांगला आहे.
मिस्त्रींचा शेवटच्या दोन आट्यांना कमी पडतो,
तिथे बोटंच सोलायची.
मला वाटायचं, तेवढं सोलायचंच असतं.

चौतीस पौंड दिले.
पावतीवर पुन्हा मिस्टर.

एम सिक्सवर गाड्या मुंगीच्या पावलांनी.
डेक्लनने व्हॅनमध्ये डबी उघडली,
मोजल्या.
पुन्हा मोजल्या. सीटखाली हात घातला.
"बॉस," तो म्हणाला, "नऊच आहेत."