टिकलीभोवतीचं रिंगण

कमाटीबागेमागे, विश्वामित्रीच्या उतारावर
आडव्या पडलेल्या शिरीषावरून
ती करडी बुरशी मी खरवडून आणली,
चिमूटभर, पेढ्याच्या रिकाम्या डबीत.
वरून वॉचमन ओरडत होता, "बेन, नीचे मगर छे!"

अकरा दिवस तिला भातावर वाढवली.
गाळून, आटवून तळाशी उरलं
काकवीसारखं काहीतरी,
भिजलेल्या वह्यांच्या वासाचं.
त्याचा एक थेंब कागदाच्या टिकलीवर,
टिकली जांभळ्या जंतूंच्या थाळीत.

सकाळी हेत्वी म्हणाली, "मेले!"
थाळी खिडकीशी धरली.
सगळीकडे गडद जांभळं,
टिकलीभोवती तेवढं दुधी रिंगण.
मेले असते तर काच आरपार दिसली असती.
हे धुरकट होतं.
जिवंत होते सगळे, खात होते, दुणावत होते,
फक्त
एकमेकांशी बोलत नव्हते.

एकटा जंतू गप्पच असतो.
शेजारी किती जमलेत त्याचा वास घेत राहतो,
पुरेसे झाले की मग एकदम
रंग, विष, चढाई.
बुरशीने कुणाला मारलं नाही,
मधल्यामध्ये निरोप गिळला.
मारायला गेलं की उरलेले शहाणे होतात,
हे तिला कधीपासून ठाऊक, कोण जाणे.

शितोळेकाका थाळ्या धुतात, चौतीस वर्षं.
डाव्या टाचेची जखम दिवाळीपासून भरत नाही,
तीन औषधं हरली.
"माझ्या पायातले होतील का गं गप्प?"
काका, अजून उंदरापर्यंतसुद्धा पोचलो नाही आपण.
"बरं," म्हणाले, आणि पट्टी वर ओढली.

अख्ख्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघं.
दुपारी डबा उघडला की दांडिया बाजारातली
घरं मोजतात ते: मोहिते पुण्याला गेले,
घोरपड्यांची नात हसते, पण उत्तर गुजरातीत देते.
"किती लागतात गं," त्यांनी विचारलं,
"रंग यायला?"

आकडा नाही सापडलेला, काका.

जूनमध्ये ते निवृत्त होतील.
मग मी फ्लास्कलाच रागावेन,
"अरे नीट बस की!"

नोंदवहीत लिहिलं:
वाढ, आहे. रंग, नाही.
काकांनी ते उलट्या बाजूने वाचलं,
आणि नळ सोडला.