दोनशे ग्रॅम

तिब्लिसीवर धुकं होतं, म्हणून विमानानं
आम्हाला कुताइसीत उतरवलं.
रिकोतीच्या घाटात बर्फ होतं, म्हणून व्हॅननं
अशा एका गावात, ज्याचं नाव
मला अजून नीट घेता येत नाही.

बरोबर लिन्थोई. वय एकोणीस,
गट एकोणपन्नास किलोचा,
आणि अंगावर दोनशे ग्रॅम जास्त.
पाव किलोलाही कमी. भाजीवाला
एवढ्यासाठी तराजू उचलायचा कंटाळा करील.
आम्हाला ते सकाळी आठच्या आत
कुठेतरी टाकून यायचं होतं.

व्हॅनवाला वाख्तांग म्हणाला, माझा आतेभाऊ इथंच राहतो.
त्या देशात प्रत्येक वळणावर
कुणाचा तरी आतेभाऊ राहतो.
ओतिया दारात, हात पसरून: "गमार्जोबा!"
म्हणजे विजय, वाख्तांगनं सांगितलं.
इथं माणूस भेटला की असंच म्हणतात.
सव्वीस वर्षं मुलींच्या पाठीवर थाप मारून
जो शब्द मी त्यांच्या कानात ओतत आले
तो या उंबऱ्यावर फुकट पडला होता.

मग टेबल.
चीज भरलेली रोटी, अक्रोडातली वांगी,
कोंबडी, आणखी एक कोंबडी.
ओतिया ग्लास धरून उठायचा, बोलायचा:
पाहुण्यांसाठी. आयांसाठी.
जे आता या टेबलाशी नाहीत त्यांच्यासाठी.
लिन्थोई भिंतीकडे बघत
रिकाम्या कपात थुंकत होती,
तेवढंच वजन कमी.
तिच्या वाटचं मी खाल्लं. माझ्या वाटचंही.
गुरूनं काय काय करावं, यावर लोक भाषणं देतात;
अकराव्या खिंकालीबद्दल कुणी बोलत नाही.

ओतियाची आई, मरो, कपाकडे बघून म्हणाली,
पोर आजारी आहे का?
मी हातवारे केले: काटा. सकाळ. एवढंसं जास्त.
ओतियानं परसातून हेझलनटच्या पोत्यांचा काटा ओढत आणला.
लिन्थोई चढली. बावन्न किलो.
तिचा चेहराच उतरला.
ओतिया घाईघाईनं म्हणाला,
अगं, हा काटा खरं बोलत नाही,
हा व्यापाऱ्यांसाठी ठेवलाय.

मरो हसली नाही.
शाल घेऊन बाहेर गेली, मध्यरात्री तोने पेटवली,
मातीची गोल भट्टी, आपल्या तंदूरची थोरली बहीण.
लिन्थोईला दोन रजयांत गुंडाळलं,
वर मेलेल्या नवऱ्याचा लष्करी कोट,
आणि भट्टीच्या तोंडाशी बसवलं.
पेटलेली भट्टी रिकामी कशी ठेवायची,
म्हणून मग पीठही मळलं.
वाकून, कमरेपर्यंत आगीत शिरून
ती आतल्या भिंतीला पाव थापायची,
वर येऊन पोरीचं कपाळ पुसायची.
घाम आणि हाताचं पीठ
कपाळावर त्याची कणीक झाली होती.
दोघी रात्रभर बोलत होत्या. कुठल्या भाषेत, कोण जाणे.
मी टॉवेल पिळत होते.

पहाटे चारला, बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागे मागे.
आठला पाच कमी. काटा, खरा:
अठ्ठेचाळीस किलो, नऊशे साठ.

पुढं ती जिंकली, असं लिहायला मला आवडलं असतं.
स्नॅचचे तीन प्रयत्न. बार दोनदा वर गेला, थांबला नाही.
तिसऱ्यांदा तिच्या पाठीमागं पडला,
एवढ्या मोठ्यानं, की पंचही दचकले.
नावापुढं आकडा नाही. तीन काट.

हॉलच्या मागं, बस लावतात तिथं,
तिनं बॅगेतून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं.
होडीच्या आकाराचा पाव, एव्हाना लाकूड झालेला.
काही न बोलता खात सुटली.
मध्येच टोकाचा तुकडा मोडून मला दिला.
पोटात अजून कालच्या दोन कोंबड्या होत्या.
खाल्ला.

फेडरेशनच्या फॉर्मवर एक रकाना असतो, अपयशाचे कारण.
धुकं लिहीन, बर्फ लिहीन. दोन्ही खरंच होतं.
भट्टी कुठं लिहायची ते ठरत नव्हतं.

गेटवरचा पहारेकरी सिगारेट विझवून आत निघाला होता.
सगळ्यांना म्हणतो तेच आम्हालाही म्हणाला:
"गमार्जोबा."
"गागिमार्जोस," लिन्थोई म्हणाली,
तुम्हालाही.
हे तिला मी शिकवलं नव्हतं.
तोंडात घास होता, म्हणून अर्धंच ऐकू आलं.