सात अंशांखालचे तास

गुलटेकडीच्या बर्फाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी थंडी बनवली.
अंगाला अमोनिया घेऊन घरी यायचो,
शालन म्हणायची, आधी आंघोळ, मग चहा.
म्हणून रासकर जेव्हा म्हणाले,
चेरी आहे हो, पण तिला थंडी लागते,
मला हसू आलं.
थंडी? ती मला विचारा.

तीन रोपं आणली मांजरीहून, रिक्षात,
दोन मांडीवर, एक पायाशी.
पिशवीला सुतळी बांधता बांधता रासकर म्हणाले,
फुलेल, नाही फुलणार. पानं चांगली येतात.
या माणसानं लग्नं जुळवली असती
तर बरेच लोक सुखी झाले असते.

पहिलं मे महिन्यात गेलं.
बोअरचं पाणी चुनखडीचं;
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
माझ्या हातावर दिसतात तशा.
आंबट ताक घातलं, उपयोग झाला नाही.
दुसऱ्यावर रंगाऱ्याची परात पडली.
त्याबद्दल मी अजून बोलत नाही.

उरलं एक,
पार्किंगच्या कडेला, मीटरच्या खोलीमागे.

पुस्तकात होतं, झाड तास मोजतं.
सात अंशांखाली किती झोप झाली
याचा हिशेब खोडात ठेवतं.
मीही वही घातली.
पेपरात पारा शिवाजीनगरचा,
मीटरच्या खोलीमागचा कोण छापणार?
पहाटे चारला कानटोपी, टॉर्च
आणि कारखान्यातून येताना
न विचारता आणलेला थर्मामीटर.
एकोणीस डिसेंबर : दोन तास.
वीस : शून्य. खिमानंदने शेकोटी केली.
मार्चअखेर बेरीज सव्वीस.
लागतात दोनशे.

मग बर्फ.
जुन्या ओळखीवर अर्धी लादी,
गोणपाटात, भुशात, मुळांशी.
पाणी गेलं देवचक्क्यांच्या गाडीखाली
आणि सेक्रेटरींचं पत्र आलं :
आवारात बर्फ साठवणे नियमात बसत नाही.
बसत नाही, खरं आहे.
वाहून जातो.

फेब्रुवारीत रस्त्याच्या दुभाजकावर टॅबेबुया फुलला.
मुली त्याखाली फोटो काढत होत्या,
चेरी ब्लॉसम, चेरी ब्लॉसम करत.
चूक सांगावी म्हणून मी स्कूटर थांबवली.
पाय टेकवून थोडा वेळ उभा राहिलो,
मग किक मारली.

पुढं शालनच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
वही फ्रिजवर राहिली.
ताक नाही, बर्फ नाही, चारचा गजर नाही.
तुळशीचं लग्न होऊन गेलं
आणि एका सकाळी वॉचमन खिमानंदने बेल वाजवली.
साहेब, पैयुँ फुललं.
काय फुललं?
पैयुँ. आमच्याकडं बागलुंगला, डोंगरावर.
बाकीची फुलं संपली की हे फुलतं,
मधमाश्यांना तेव्हा दुसरं काही नसतं.

चार वर्षं त्याच झाडाशेजारी खुर्ची टाकून बसतो हा.
आधी का नाही बोललास?
तुम्ही चेरी म्हणायचात.
मला वाटलं, चेरी असेल.

अकरा फुलं. पारा चौदा.
शालनला वॉकरसकट खिडकीशी आणलं.
हे? म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, हं.
एक माशी आली,
बिबवेवाडीत कुठून आली कुणास ठाऊक,
अकराही फुलं तपासून गेली,
मीटर वाचणाऱ्या माणसासारखी.

तीन दिवसांनी पाकळ्या पडल्या.
गुरुवार होता, पाणी बंद,
पार्किंग धुतलं गेलं नाही.
त्यामुळं शुक्रवारी सकाळीही त्या तिथंच होत्या,
देवचक्क्यांच्या बॉनेटवर,
खिमानंदच्या खुर्चीत.
तो उभाच होता.

फ्रिजवरून वही काढली,
धूळ झटकली, तारीख घातली.
तासांच्या रकान्यात काय भरायचं
ते शालनला विचारलं.
ती म्हणाली, आधी चहा टाक.