वजाबाकी

जलपर्णी दुंगाच्या किनाऱ्यावरून येते,
ओकुमूच्या होडीतून, ताडपत्रीत गुंडाळून.
"मासे नाहीत," तो म्हणतो, "हेच घ्या,"
आणि पोतं असं आपटतो
जणू सरोवराची तक्रार नोंदवायला आलाय.

मी नोंदवते.
तारीख. ओलं वजन. भट्टीत रात्रभर वाळवून कोरडं वजन.
मग जाळून राख, आणि राख वजा करून जे उरतं
तेवढंच आपल्या कामाचं.
चाळीस किलोंत जेमतेम अडीच.
हे ऐकून ओकुमू खोकला लागेपर्यंत हसला:
"म्हणजे नाम लोल्वेतून मी पाणीच ओढून आणतो!"

तीन बाटल्यांत कच्ची, नुसती चिरलेली.
तीनांत उखळात कुटलेली.
तीनांत चुन्याच्या निवळीत मुरवून,
तीनांत कुकरच्या वाफेत, कडधान्यासारखी मऊ करून.
आणि तीन कोऱ्या. त्यांत फक्त विरजण:
सायगेबाईंच्या गोठ्यामागच्या टाकीतला काळा रबडा,
ज्यात ते न दिसणारे राबतात.

सगळ्या सदतीस अंशांवर.
अंगात ताप नसलेल्या माणसाइतक्या कोमट.

पहिल्याच दिवशी वाफेच्या बाटलीतलं पाणी
कोऱ्या चहासारखं लाल झालं.
विरघळलेलं मोजलं: कच्चीच्या चौपट.
डॉक्टर न्यांग्वेसोंनी नैरोबीला फोन लावला,
"चौपट" हा शब्द तीनदा म्हणाले,
तिसऱ्यांदा उभे राहून.

बाटलीतल्यांना मात्र कोणी फोन केला नव्हता.

चार दिवस वाफेच्या बाटल्या गप्प.
फार शिजलं की करपतं, आणि करपलेलं
उपाशी माणूससुद्धा आधी हुंगून बघतो.
पाचव्या दिवशी पहिला बुडबुडा. मग धो धो.
नळीतली पातळी लिहायला मी दुपारचं जेवणही
वहीशेजारीच घ्यायचे, उगालीचा हात पुसून आकडा.

अकराव्या रात्री वीज गेली.
पहारेकरी ओविटीने मला उठवलं नाही.
स्वतःचं ब्लँकेट काढून पंधराही बाटल्या त्यात गुंडाळल्या
आणि पहाटेपर्यंत खुर्चीत कुडकुडत बसला.
सकाळी तापमान चौतीस. वाचलो.
त्या ऊबेसाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: वीज नाही, सहा तास. ओविटी.

तिसऱ्या आठवड्यात वाफ दमली.
कुटलेली तिच्या मागोमाग थांबली.
कच्ची चालत राहिली,
पाठीवर सरपण घेतलेल्या बाईसारखी, न थांबता,
आणि चाळिसाव्या दिवशी
जवळपास तिथेच येऊन टेकली.

मग वजाबाकी.
आधी कोऱ्या बाटल्यांचा वायू सगळ्यांतून काढला.
विरजण स्वतःच्या पोटचंही थोडं देतं,
ते जलपर्णीच्या नावावर लावणं म्हणजे चोरी.
डॉक्टर म्हणाले, "एवढंसंच तर आहे."
मी म्हटलं, "म्हणूनच तीन बाटल्या ठेवल्या."

उरलं ते ज्योतीत मांडलं, ओकुमूला कळावं म्हणून.
एका पोत्याला: कच्ची, एक तास पन्नास मिनिटं.
कुटलेली त्याहून तीन मिनिटं जास्त, खांदे दुखले ते वेगळं.
चुन्याची दोन तास दहा.
वाफेची दोन तास बरोबर,
आणि ती वाफ करायलाच
दीड तास चूल जळली होती.

डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, "पण वेग?"
"वेग आहे," मी म्हटलं. "टाकी लहान असेल तर कामाचा."
तेही लिहिलं. खोडायचं काहीच नव्हतं.

ओकुमूने कागद उलटा धरला, मग सुलटा.
"चुना केवढ्याला?"
सांगितलं.
"आणि नुसती चिरायची तर?"
"तर थांबावं लागेल."
"थांबणं," तो होडीची दोरी सोडवत म्हणाला,
"जाळं टाकून आम्ही दुसरं काय करतो?"

बाटल्या धुवून उपड्या घातल्यात.
ओविटी विचारून गेला, पुढची खेप कधी.
ब्लँकेटला अजून वास येतो म्हणतो,
तोवर धूत नाही.